दिवसाला एकच काडी

आमच्या बाबांना दिवसाला आगपेटीतली एकच काडी लागायची. सकाळी चुलीजवळ ती ओढली की पहिली सिगारेट पेटायची, पहिलीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, आणि अंथरुणात शिरेपर्यंत ती माळ तुटायची नाही. दाढी करताना ओठाच्या एका कोपऱ्यात सिगारेट आणि दुसऱ्या बाजूला साबण. जेवताना ताटाच्या कडेला जळत ठेवलेली. रविवारी चर्चमध्ये फादरचं प्रवचन सुरू झालं की हे बाहेर पायरीवर. "देवाला काय, धूर वरच जातो," म्हणायचे. वरच्या जबड्यात पुढचे दोनच दात शिल्लक होते, त्यांत धरून धरून प्रत्येक थोटकाचं टोक चपटं करून ठेवायचे. आई होती तोवर ती बोलायची. ती गेल्यावर बोलणारी मी एकटी उरले, आणि माझं कोण ऐकतंय!

आता गंमत बघा. हाच माणूस चार नंबरच्या खाणीच्या तोंडाशी उभा राहून लोकांच्या खिशांतून काड्या आणि सिगारेटी शोधायचा. पगारच त्याचा होता. समुद्राच्या पोटात कोळसा, कोळशात गॅस, आणि एका ठिणगीत सगळं खलास, हे आमच्या गल कोव्ह गावातल्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. जमिनीवर पांढरी रेघ मारलेली. रेघेच्या अलीकडे वाटेल तेवढं ओढा, पलीकडे धुराची वस्तू सापडली तर नोकरी गेली आणि वर कोर्ट. बाबा रेघेच्या बरोबर अलीकडे उभे राहायचे, तोंडात सिगारेट धरून. पोरं आपली शेवटची विझवताना त्यांच्याकडे बघून जळायची.

आमच्या रस्त्यावर अर्धी घरं मॅकफेडनांची, त्यामुळे टोपणनावाशिवाय माणूस सापडत नाही. बाबांचं नाव लॉकी, त्यांना सगळे 'खिसे-लॉकी' म्हणत. तोंडावर म्हणत, आणि बाबांना त्याचा अभिमान होता. माझा भाऊ ॲलेक तीन नंबरच्या खाणीतल्या स्फोटात गेला. कोणाच्या तरी खिशात धुराची वस्तू होती म्हणतात. कोणाच्या ते कळलं नाही, कळायला उरलं होतं कोण? त्यानंतर बाबांनी कोळसा फोडणं सोडलं आणि हे झडतीचं काम मागून घेतलं. तेव्हापासून त्यांचा कोणावर म्हणून विश्वास नाही. घरी पाहुणा आला तरी आधी त्याच्या कोटाच्या खिशांकडे बघणार, मग तोंडाकडे. मी त्यांचीच लेक. संशय माझ्याही रक्तातच आहे, उगाच दुसऱ्यांना कशाला बोल लावू?

माझा नवरा रोरी. तोही ओढणाराच. खाली आठ तास तंबाखू चघळून काढायचा आणि वर आला की उपाशी माणसासारखा एकामागून एक सुरू. संध्याकाळी चुलीच्या एका बाजूला सासरा, एका बाजूला जावई, आणि मधे मी डोळे चोळत स्वयंपाक करतेय. दोघांचं एकमेकांशी फारसं पटायचं नाही. बाबांच्या मते जो माणूस वर इतका ओढतो तो खाली गप्प बसूच शकत नाही. "मग तुम्ही कसे बसत होतात?" असं रोरीने एकदा विचारलं, तर आठवडाभर अबोला.

मार्च महिना होता, खाडीत अजून बर्फ तरंगत होतं. भर दुपारी दार वाजलं. खाणवाल्याच्या बायकोला अवेळी दार वाजलं की धडकी भरते. बघते तर रोरी, काळाठिक्कर, कोट नाही अंगावर.

"काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं. माझ्या कोटात थोटूक सापडलं."

खाली कामाच्या जागी त्याने कोट खांबाला टांगला होता. गॅस तपासणारा तिथून जाताना त्याला तंबाखूच्या धुराचा वास आला, त्याने खिशात हात घातला आणि अर्धी जळलेली सिगारेट बाहेर काढली. ती लखोट्यात घालून थेट मॅनेजरच्या टेबलावर गेली. सोमवारी सकाळी सुनावणी. ठपका बसला की नोकरी जाणार, कंपनीचं हे घर जाणार, तुरुंग वेगळाच, आणि या बेटावरची दुसरी कुठलीच खाण त्याला दारात उभं करणार नव्हती. आमची क्रिस्टी तेव्हा जेमतेम बसायला लागली होती.

"तुझं आहे का ते?" मी विचारलं.

"नाही."

"मग कोणाचं?"

"मला माहीत असतं तर मी इथे आलो असतो का? त्याच्या मानेवर बसलो असतो."

"तुझ्या कोटात आपोआप उगवलं का?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "फ्लोरा, मी काय वेडा आहे? तुझा भाऊ त्यातच गेला ना?"

बरोबर बोलत होता. पण चोर तरी दुसरं काय बोलणार, असं माझ्या मनात आलंच.

संध्याकाळी बाबा आले ते दारातूनच तोफा डागत. "माझ्या हातून सुटलं? बावीस माणसांची रांग असू दे नाहीतर दोनशेची, माझ्या हातून शिवणाची सुई सुटत नाही! याची टोपी बघितली, बूट बघितले, डबा उघडला, खिसे उलटे केले. कुठे ठेवलं होतंस रे? बुटाच्या शिलाईत?"

"तुम्हीच खिसे उलटे केलेत ना?" रोरी म्हणाला. "मग रिकामे होते ना?"

"होते! म्हणून तर विचारतोय, कुठे ठेवलं होतंस?"

"म्हणजे तुमची नजर चुकली असं म्हणता येत नाही, म्हणून मी चोर!"

"बघ, बघ कसा बोलतोय!" बाबांनी जुन्या सिगारेटवर नवी पेटवली. "आधीच त्या झडतीच्या नव्या शेडमध्ये नीट उभं राहता येत नाही. जुन्या कुंपणाशी बरं होतं, चांगली आडवी फळी होती, सगळं हाताशी. नाताळानंतर कंपनीला काय अवदसा आठवली कोण जाणे. तरी मी एकाला सोडलेलं नाही. एकालाही!"

मी मधे पडले नाही. मला दुसरंच काहीतरी खात होतं. ते कोणाला सांगितलं नव्हतं. जानेवारीपासून आमच्या स्वयंपाकघरातली आगपेटी भराभर रिकामी होत होती. बाबांची दिवसाला एक, माझी चुलीला आणि दिव्याला. पूर्वी पेटी किती पुरायची ते मला पाठ होतं. आता दर थोड्या दिवसांनी नवी काढावी लागत होती. काड्या जात होत्या कुठे? बाबा तर काडी वापरणारे नव्हेत. राहिला एकच.

मग काय, मी झडती सुरू केली. तो झोपला की त्याच्या टोपीचं अस्तर चाचपायचं, डब्याचा दुहेरी तळ आहे का बघायचं, बुटांत हात घालायचा. केसांचा वास घेतला तर नुसता धूर, पण वर आल्यावर तो इतका ओढायचा की त्या वासाला काही अर्थच नव्हता. मागच्या खोपटात रंगाच्या डब्यामागे मला चार काड्या सापडल्या. विचारल्यावर म्हणाला, "कंदिलाला नकोत का? की आता अंधारात लाकडं फोडू?" खरं असेलही. पण डब्यामागे कशाला?

शनिवारी कंपनीच्या दुकानात गेले तर बायका बोलत होत्या त्या गप्प झाल्या. केटी रांकिनचा नवरा ॲलेकबरोबरच गेलेला. ती माझ्या जवळ आली, शांतपणे म्हणाली, "तुझ्यावर राग नाही गं. पण त्याला विचार. तेव्हाही कोणाचा तरी असाच खिसा होता."

"विचारलंय, केटी."

"मग?"

"नाही म्हणतो."

"नाहीच म्हणणार," ती म्हणाली आणि पीठ घेऊन निघून गेली.

त्या रात्री मी रोरीशी धड बोलले नाही. तोही बोलला नाही. ताटात वाढलेलं खाऊन दारात उभा राहून ओढत राहिला.

रविवारी चर्चहून आल्यावर मी खारवलेला मासा आणि बटाटे चढवले. बाबा चुलीजवळ, रोरी खिडकीपाशी बूट दुरुस्त करत बसलेला. मधेच उठून माझ्या मागून पाव घेऊन गेला. क्रिस्टी माझ्या कडेवर किंचाळत होती, तेवढ्यात बटाटे उतू गेले.

"बाबा, धरा हिला जरा!"

बाबांनी तिला घेतलं. मी भांडं उतरवलं, पाणी ओतून टाकलं, आणि जळका वास आला. चूल बघितली, फडकं बघितलं, काही नाही. मग खाली नजर गेली तर माझ्याच एप्रनच्या खिशातून धूर! हाताने थापटून विझवलं आणि आत बोटं घातली. अर्धी सिगारेट. टोकाशी अजून लाल होती. खिशाला भोक पडलेलं.

पहिला विचार आला तो रोरीचा. खरंच सांगते. मागून आला होता, घाईत लपवायला जागा नव्हती, माझ्याच खिशात टाकली, असंच मला वाटलं. मी वळून त्याच्याकडे बघितलं. त्यानेही वर बघितलं. "काय झालं?" म्हणाला.

"बटाटे लागले," मी म्हटलं, आणि मूठ मिटली.

ताटं वाढताना मी मूठ उघडून पुन्हा बघितलं. ते टोक चपटं होतं, दोन दातांचे ठसे उठलेलं. रोरीचे दात सगळे जागेवर आहेत.

जेवण झाल्यावर मी माझा जाड कोट मुद्दाम बाबांच्या शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला. त्यांनी नवी सिगारेट पेटवेपर्यंत थांबले आणि पोर पुढे केली. "घ्या, आजोबांकडेच जायचंय म्हणते."

त्यांचे डोळे क्रिस्टीवर. तोंडातली सिगारेट त्यांनी दोन बोटांत घेतली, टोक अंगठ्याने चुरडल्यासारखं केलं, आणि तो हात हवेत फिरला. काहीतरी शोधत होता. टेबल लांब होतं, चुलीवरची फळी लांब होती. कोटाचा खिसा लागला, हाताने थोटूक तिथे ठेवलं, आणि दोन्ही हात पुढे आले. सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. मग मांडीवर घेऊन आमच्या जुन्या गेलिक भाषेतली अंगाई सुरू. थोड्या वेळाने इकडे तिकडे बघून म्हणाले, "माझी सिगारेट कुठे ठेवली मी? जाऊ दे, फ्लोरा, काडी दे."

मी काडी दिली. आगपेटी का रिकामी होत होती ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. कुंपणाशी झडती व्हायची तेव्हा आडव्या फळीवर सिगारेट ठेवायची, दोन्ही हातांनी माणूस चाचपायचा, परत उचलायची, इतक्या वर्षांची हाताची सवय. नव्या शेडमध्ये फळी नाही. समोर असतो तो माणसाचा कोट. आणि नुकताच रिकामा करून बघितलेला खिसा. ठेवलेली सिगारेट सापडली नाही की घरून नेलेल्या काडीने नवी पेटवायची, आणि ज्यांना खिशात थोटूक सापडलं असेल ते नोकरीच्या भीतीने गप्प राहिले असणार. ही कुंपणानेच शेत खाल्ल्याची गोष्ट झाली. त्या सिगारेटी नीट विझत होत्या की नाही हे माझा एप्रन सांगत होता. चार नंबर अजून जागेवर होती ती केवळ देवाची कृपा.

आता करायचं काय? बाबांना सांगावं तर ते कधीच मानणार नाहीत. "नवऱ्याला वाचवायला बापावर घालतेस?" हेच म्हणतील. आणि एकदा सांगितलं की त्यांचा हात सावध होणार, मग मॅनेजरला दाखवू काय? नुसतं सांगितलं तर तो हसणार, चोराच्या बायकोने काय सांगायचं ते सांगितलं म्हणून. न सांगता दाखवायचं तर सगळ्यांसमोर त्यांची अब्रू जाणार, त्यांनी ॲलेकच्या जागी जे काम उराशी धरलं होतं ते जाणार. बाबा खुर्चीत क्रिस्टीला थोपटत होते. मला रडू आलं, आणि रागही आला. ॲलेकच्या बापाने तरी असं करायला नको होतं!

रोरीला मी काहीच सांगितलं नाही. त्याचा चेहरा लपवता येणारा नाही, ही एक सबब. दुसरी सबब मी स्वतःलाही सांगितली नाही.

सोमवारी पहिल्या पाळीच्या आधी सुनावणी. बाबा साक्षीदार, म्हणून झडतीला दुसरा माणूस उभा होता, तेवढी चिंता मिटली. मी क्रिस्टीला घेऊन मागोमाग ऑफिसात शिरले. मॅनेजर पेनहॅलो चांगला लोकरी कोट घालून टेबलापुढे उभा होता, बाबा त्याच्या शेजारी, रोरी समोर टोपी हातात धरून.

"बाई, इथे बायकांचं काम नाही," पेनहॅलो म्हणाला.

"घर गेलं की ते बायकांचंच काम होतं, साहेब. मी गप्प उभी राहते."

त्याने हात झटकला आणि बाबांना म्हणाला, "बोला, मॅकफेडन."

"मी याला पूर्ण तपासला, साहेब," बाबा म्हणाले. सिगारेटचा धूर साहेबाच्या खांद्यावरून जात होता. "सगळे खिसे रिकामे होते. माझ्या हातून सुटत नाही. तेव्हा हे याने लपवूनच नेलं असणार. जावई असला म्हणून मी खोटं बोलणार नाही."

रोरीने मान खाली घातली. मी पुढे झाले. "बाबा, हिला धरा, माझ्या बुटाची नाडी सुटलीये."

"आत्ता?" असं म्हणत त्यांनी हात पुढे केलेच. मी खाली वाकले. नाडी बांधायचं नाटक करत वरून बघत होते. बोटं तोंडाकडे गेली, अंगठा दाबला, हात फिरला, आणि साहेबाच्या कोटाचा खिसा सापडला. मग दोन्ही हातांनी त्यांनी नातीला घेतलं. मी नाडी सोडून पुन्हा बांधली. देवा, आज तरी नीट विझू देऊ नको, असं मनात म्हणत होते. असलं मागणं कुठल्या खाणवाल्याच्या लेकीने मागितलं नसेल.

वास आला. "साहेब," मी उठून म्हटलं, "तुमचा खिसा जळतोय."

पेनहॅलोने शिवी हासडली, खिसा थापटला आणि थोटूक बाहेर काढलं. आधी माझ्याकडे बघितलं, मग रोरीकडे. रोरी चांगला चार हात लांब होता. मग त्याने टेबलावरचा लखोटा उघडला आणि दोन्ही थोटकं शेजारी शेजारी ठेवली. दोन्हींची टोकं चपटी, दोन दातांची.

मी एप्रनचा जळका खिसाही पुढे केला. "हा कालचा," म्हटलं. "पोर घेताना ठेवलेली."

बाबा टेबलाकडे बघत होते. मग आपल्या उजव्या हाताकडे. क्रिस्टीला त्यांनी फार जपून माझ्याकडे परत दिलं आणि कोटाला लावलेला कंपनीचा बिल्ला काढायला लागले. पिन निघेना. पेनहॅलो म्हणाला, "मॅकफेडन, याचा गवगवा करायची गरज नाही. जुने कामगार आहात. शेडमध्ये एक फळी बसवून घेऊ."

"नको," बाबा म्हणाले. "पोरांना खाली जाऊ देऊ नका. मी ज्यांना तपासलंय त्यांचे कोट बघा. सगळ्यांचे बघा." बिल्ला टेबलावर ठेवून ते माझ्याकडे वळले. इतकं घाबरलेलं त्यांना मी कधी बघितलं नव्हतं, ॲलेकच्या दिवशीही नाही. "फ्लोरा, त्या दिवशी सकाळी... ॲलेकच्या कोटाची बटणं मी लावली होती का गं?"

ॲलेकला घाई होती त्या सकाळी. चुलीपाशी उभा राहून तो डबा भरत होता आणि कोणीतरी त्याच्या कोटाची बटणं लावत होतं. कोण, ते मला आठवत नव्हतं. किती आठवायचा प्रयत्न केला तरी मला नुसता धूरच दिसत होता.

"नाही, बाबा," मी म्हटलं. "आईने लावली होती."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, ते लोकांच्या खिशांकडे बघायचे तसं. मग टोपी घालून बाहेर गेले. मी खिडकीतून बघितलं. पांढऱ्या रेघेपाशी जाऊन उभे राहिले होते, तोंडात काही नव्हतं.

पेनहॅलोने रोरीशी हात मिळवला, दुपारच्या पाळीला ये म्हणाला. आम्ही घराकडे निघालो. वारा खाडीवरून येत होता, क्रिस्टी झोपून गेली होती. रोरीने सिगारेट पेटवली, ती संपायच्या आत तिच्यावर दुसरी. अर्ध्या वाटेपर्यंत हसत होता. साहेबाचा कोट, साहेबाची शिवी, सगळी नक्कल करून दाखवली. "काय डोकं आहे गं तुझं! नाडी म्हणे सुटलीये!" मग चालता चालता हळूहळू गप्प झाला.

"काल बटाटे उतरवलेस तेव्हा तू माझ्याकडे वळून बघितलंस," तो म्हणाला.

"हं."

"तेव्हा ते थोटूक तुझ्या मुठीत होतं?"

"होतं."

"आणि तुला वाटलं ते मी ठेवलं."

बापाशी मी नुकतंच खोटं बोलून आले होते. आणखी एक बोलायला जीभ जड नव्हती. पण रोरी थांबून माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्याकडे चार दिवस ज्या नजरेने मी बघत होते ती नजर मी विसरले नव्हते.

"हो," मी म्हटलं. "मला वाटलं तूच."

त्याने मान हलवली. रागावला असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते. त्याने क्रिस्टीला माझ्याकडून घेतलं, शालीत नीट गुंडाळलं आणि पुढे चालायला लागला. मी मागून येत होते. घर येईपर्यंत त्याने वळून बघितलं नाही, आणि मलाही त्याला हाक मारवली नाही.